पाठीमागची टिकली

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊला मी खडखड्याला पाटावरून उचललं, त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार उतरवला आणि म्हटलं, "चला महाराज, आराम पुरे झाला. आज तुमची परीक्षा आहे."

"त्याची कसली परीक्षा? माझी आहे," दारातून वैजू म्हणाली.

जांभळी कोरी साडी, केसांत शेवंतीचा गजरा, कपाळावर मरून टिकली. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात आपट्याची पानं. माझ्या आवाजाच्या दिशेनं तिनं पानं पुढं केली.

"घ्या दादा, सोनं. खरं तर संध्याकाळी द्यायचं, पण अकरानंतर माझं काय होईल सांगता येत नाही."

"काय होणार? तू वाचणार आणि अख्खा तालुका ऐकणार. मी आहे ना!"

मी आहे ना, हे माझं त्या काळातलं लाडकं वाक्य. बारा वर्षं झाली त्याला. कोरेगावच्या अलीकडे शेतकी शाळेच्या आवारात आमचं 'रेडिओ पाणवठा' नावाचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. एका खोलीत स्टुडिओ, दुसरीत मी, माझा संगणक आणि साऱ्या जगाच्या वायरी. मध्ये मोठी काच. स्टुडिओतल्या माणसाशी बोलायचं असेल तर माझ्या टेबलावरच्या टॉकबॅकचं बटण दाबायचं, की ते परत दाबेपर्यंत माझा आवाज तिकडं ऐकू जायचा. मी तिथला तंत्रज्ञ. तंत्रज्ञ म्हणजे पंखा दुरुस्त करण्यापासून प्रक्षेपणापर्यंत सगळं, आणि त्यामुळे धनाजी फडतरेशिवाय इथलं पान हलत नाही असा माझा पक्का समज होता.

खडखड्या हे नाव वैजूनं ठेवलेलं. तो आमचा ब्रेल प्रिंटर. शाई लावायच्या ऐवजी जाड कागदावर ठिपके टोचायचा, आणि टोचताना असा आवाज करायचा की पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटावं. पुण्याच्या एका अंधशाळेनं नवा घेतला तेव्हा हा जुना आम्हाला मिळाला होता.

वैजयंता जगदाळे आमच्याकडे फोनवर बसायची. श्रोत्यांच्या फर्माइशी घ्यायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण आवाज असा की लोक गाणं सांगायचं विसरायचे आणि परत तिच्याशीच बोलायला फोन करायचे. केंद्राच्या प्रमुख निकम मॅडम दोन वर्षं व्यवस्थापन समितीशी भांडल्या, तेव्हा कुठं तिला बातम्या वाचायची एक संधी मिळाली. एकच. अट अशी, की आधी रेकॉर्ड केलेलं चालणार नाही. त्याच दिवशीच्या ताज्या बातम्या, अकराच्या ठोक्याला, थेट. जमलं तर ती निवेदक म्हणून पक्की. नाही जमलं तर फोन आहेच, पुन्हा विषय काढायचा नाही. समितीच्या बैठकीत एकानं विचारलं होतं, "ते यंत्र ऐनवेळी बंद पडलं तर?" मी ताडकन उभा राहून म्हणालो होतो, "जबाबदारी माझी."

तर ती जबाबदारी उचलून मी टेबलावर ठेवली, तिची वायर संगणकाच्या मागं खोचली आणि बटण चालू केलं. हिरवा दिवा लागला. रोज बातम्या वाचणाऱ्या बर्गे गुरुजींनी लिहून पाठवलेल्या नऊ बातम्या पडद्यावर तयारच होत्या. मी छपाईची आज्ञा दिली आणि हात चोळत उभा राहिलो.

खडखड्या गप्प.

पुन्हा आज्ञा दिली. गप्प. पडद्यावर एक ओळ आली: प्रिंटर जोडलेला नाही.

"जोडलेला नाही? अरे, समोर बसलाय की माझ्या!"

"काय झालं, दादा?"

"काही नाही गं. रात्रभर बसून अंग आखडलंय त्याचं."

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडची पद्धत अशी, की सगळी यंत्रं पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माइक, मिक्सर, संगणक जागेवरच पुजले. खडखड्याला मात्र मी मानानं पाटावर बसवलं. सकाळच्या तालमीनंतर वैजू बाराच्या एसटीनं घरी गेली होती, तिला तो थाट सांगायला म्हणून मी फोटोही काढला. गळ्यात हार, अंगावर अक्षता, कपाळाला मरून टिकली. नव्या नवरीसारखा दिसत होता. आणि हात लावायचा नाही म्हटल्यावर पुन्हा जोडून बघायचा प्रश्नच आला नाही.

मी प्रिंटरवरचं चाचणीचं बटण दाबलं. खड खड खड खड! एक ओळ टोचून कागद बाहेर आला. म्हणजे यंत्र ठणठणीत. मग वायर बदलली. तेच. संगणकाला विचारलं, बाबा रे, तुझ्या अंगाला काय काय जोडलंय ते सांग. त्यानं यादी दिली, त्यात खडखड्याचं नाव स्पष्ट होतं. म्हणजे दिसतोय, पण जोडलेला नाही म्हणतोय! लग्नाला बोलावून मांडवात घेत नाहीत तसला प्रकार.

आमच्या संगणकावर ती खुली, कुणीही फुकट वापरावी आणि सुधारावी अशी यंत्रणा होती. मीच बसवलेली. तिच्यात शिरकाव बंद करणारा एक राखणदारही मीच नेमला होता. झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बँडची गाणी भरून एक पेनड्राइव्ह आणला, जुन्या संगणकाला खोचला, आणि साठ-सत्तर म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती एका फटक्यात गेल्या. निकम मॅडम तेव्हा रडल्या होत्या. त्यानंतर मी नवी यंत्रणा टाकली आणि नियम केला, की ओळखीच्या वस्तूंची यादी राहील, तिच्याबाहेरचं काहीही खोचलं तर राखणदार आत घेणार नाही. मग ते पेनड्राइव्ह असो नाहीतर आणखी काही.

साहजिकच मला पहिली शंका त्या राखणदाराचीच आली. यादी उघडली. तिसऱ्याच ओळीला खडखड्याचं नाव, आणि त्याच्याआधी 'येऊ द्या' असा शेरा. ओळ लांबलचक होती, पडद्याच्या कडेच्या बाहेर गेली होती. पण नाव आहे, शेरा आहे, आणखी काय पाहिजे? बंद केली. तरी खात्री म्हणून वायर काढून संगणकाच्या पुढच्या पोर्टमध्ये, म्हणजे पुढच्या खाचेत, घातली. तेच. चला, म्हणजे पोर्टचाही दोष नाही. पुन्हा मागं खोचली. आणि एवढं सगळं करताना अधूनमधून छपाईची आज्ञा देणं चालूच होतं, जणू ओरडून सांगितल्यानं बहिऱ्याला ऐकू येणार होतं.

"दादा, मी बघू का जरा?" वैजू दाराशी उभी होती.

"तू काय बघणार आहेस?" म्हणालो आणि जीभ चावली. "म्हणजे, तू कशाला त्रास घेतेस. तुझं काम वाचायचं. तू जा, आवाज मोकळा कर."

ती काठी टेकत स्टुडिओत गेली.

दहा वाजून गेले. निकम मॅडम आल्या. पायांत नव्या चपला, हातात पेढ्यांचा पुडा, आणि माझा चेहरा बघून पुडा तसाच हातात राहिला.

"धनाजी?"

"होतंय मॅडम. पाच मिनिटं."

"काय होतंय? छापून झालं का?"

"संगणक प्रिंटरला घेत नाहीये."

"काल सकाळी तर चालू होता. वैजूनं त्याच्यावरच तालीम केली ना?"

आणि मी बोलून गेलो. आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणालो, "तेच तर. काल तालमीच्या वेळी हिनं काहीतरी भलतंच दाबलं असणार. दिसत नाही, कळत नाही. मी म्हणतच होतो, मी नसताना हात लावू नको म्हणून."

मॅडमनी काचेतून स्टुडिओकडे पाहिलं. वैजू पाठमोरी बसली होती. बर्गे गुरुजी तिच्यासमोर चष्मा पुसत होते. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आता गुरुजींनाच वाचायला सांगावं लागेल. समितीचे लोक रेडिओ लावून बसलेत. मी काय तोंड दाखवू?"

"अकरापर्यंत थांबा, मॅडम."

"अकरापर्यंतच थांबणार आहे."

गुरुजी निवृत्त शिक्षक. तीन वर्षं अकराच्या बातम्या तेच वाचत होते. सहा फूट उंची, पांढराशुभ्र सदरा, खिशात दोन पेनं. हा माणूस खरं तर खूश व्हायला हवा होता, जागा राहात होती त्याची. पण थोड्या वेळानं मी काचेतून बघतो तर गुरुजी कागद डोळ्यांजवळ धरून एकेक वाक्य सांगताहेत आणि वैजू खाली मान घालून लिहितेय. ब्रेलची पाटी आणि टोचा! शाळेतल्यासारखं, पाटीच्या चौकटीत कागद अडकवून, उजवीकडून डावीकडे एकेक ठिपका हातानं टोचत होती. टक टक टक टक. मी टॉकबॅककडे हात नेला, तर बटण आधीपासूनच चालू होतं.

"वैजू, किती होईल तसं?"

"कालव्याच्या आवर्तनाची झाली. आता जनावरांच्या लसीकरणाची चाललीय," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही तुमचं बघा, दादा."

"कानात यंत्राचा आवाज ऐकून बोलता येणार नाही का गं?"

"चार दिवस करून बघितलं की! कानात एक आणि तोंडात एक, माझी गाडी अडखळते. हात लावून वाचलं तरच मला पुढचं वाक्य आधी कळतं. गुरुजी, सांगा पुढं. 'पशुवैद्यकीय' नंतर काय?"

मी पुन्हा पडद्यात डोकं घातलं. आता मात्र मी इरेला पेटलो होतो. छपाईची सेवा बंद करून चालू केली. प्रिंटर काढून टाकला, नव्यानं नोंदवायला गेलो तर नव्यानं सापडेचना, मग जुनी नोंद परत आणली. रात्रीत काही सुधारणा आपोआप उतरल्यात का ते बघितलं. एक उतरली होती. सापडला चोर! ती उलटवली, संगणक बंद करून चालू केला. तेवढ्या तीन मिनिटांत माझं दोन किलो वजन उतरलं असेल. चालू झाला. आज्ञा दिली.

प्रिंटर जोडलेला नाही.

"तुझ्या तर आता!" मी टेबलावर मूठ आपटली. पूजेतली सुपारी गडगडत खाली गेली.

दहा पन्नास. दार ढकलून वैजू आली. "जाड कागद संपला, दादा. चौथी बातमी अर्धी झालीय. गठ्ठा कुठाय, खडखड्याच्या मागंच ना?"

"हो, थांब, देतो..."

पण ती टेबलाशी पोचलीसुद्धा. कागदांकडे जाता जाता तिचा डावा हात सवयीनं संगणकाच्या मागं गेला, माणूस घरात शिरताना कडी चाचपतो तसा. आणि तिथंच थांबला.

"दादा."

"काय?"

"माझी टिकली कुठाय?"

"कपाळावर आहे की!"

"ती नव्हे हो. इथली. संगणकाच्या मागची. वायरीच्या शेजारी लावली होती मी."

मला काही उमजेना. "ती? ती काल पूजेला खडखड्याच्या कपाळावर लावली."

"काढली? अहो, ती खूण होती माझी! मागं सहा खाचा आहेत, सगळ्या सारख्या. त्यातली खडखड्याची कुठली ते कळावं म्हणून लावली होती. तुम्ही पहिल्यांदा जोडला होता ना, तीच खाच. सहा महिने मी रोज तिथंच घालते. माझ्या घरी गॅसच्या बटणाला आहे, औषधाच्या बाटलीला आहे, सगळीकडे टिकल्याच आहेत माझ्या." बोलता बोलता तिची बोटं वायरीवरून सरकत गेली. "आणि आता ही भलत्याच खाचेत आहे. ही कडेची आहे. माझी पंख्याच्या बाजूला होती, वारा लागायचा हाताला."

"अगं, कुठल्याही खाचेत घातलं तरी सारखंच असतं. सहाही एकच..."

आणि माझं वाक्य तोंडातच राहिलं.

मी झडप घालून राखणदाराची यादी उघडली. तिसरी ओळ. या वेळी पडद्याच्या कडेला थांबलो नाही. ओळ सरकवत सरकवत पार शेवटापर्यंत गेलो. खडखड्याचं नाव, 'येऊ द्या', आणि सगळ्यात शेवटी, इतका वेळ माझ्या नजरेआड, पोर्टचा क्रमांक! जुन्या यंत्राला स्वतःचा असा ओळख क्रमांक नव्हता. त्यामुळे यादी बनवताना राखणदारानं त्याची ओळख दाराशी बांधून टाकली होती. या दारानं आला तर खडखड्या. दुसऱ्या दारानं आला तर परका. आणि हा नियम करणारा शहाणा कोण? धनाजी फडतरे!

"वैजू! तुझी खाच कुठली? कुठली गं?"

"पंख्याकडच्या तीनपैकी एक. पण टिकली नाही तर मी कशी..." ती थांबली. तर्जनी हळूहळू खालून वर नेली. "थांबा. इथं चिकट लागतंय. टिकलीचा डिंक राहिलाय. हीच!"

मी वायर उपसली. घाईत नेम लागेना. तिनं माझ्या हातातून वायर घेतली आणि न चाचपडता आत सारली.

एक क्षण काहीच नाही. मग:

खड खड खड खड खड खड!

"आला! आला गं आला!" मी खुर्चीवरून उडालोच. वैजूनं दोन्ही हात टाळ्यांसारखे एकमेकांवर मारले आणि हसत सुटली. मॅडम धावत आल्या, मागून गुरुजी. "चालला? खरंच चालला?"

वैजूनं बाहेर येणाऱ्या कागदावर बोटं ठेवली आणि तिचं हसू मावळलं. "दादा, हे काय? 'चाचणी, चाचणी, एक दोन तीन.'"

दीड तास मी आज्ञा देत होतो. त्या सगळ्या रांगेत उभ्या होत्या! चाचणीची पानं, अख्ख्या बातम्या, परत चाचणी, परत बातम्या. चांगल्या अकरा आज्ञा. खडखड्या आता इमानदारीत सगळ्या पुऱ्या करणार होता.

"रांग मोडा, रांग मोडा!" गुरुजी ओरडले. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण सल्ला बरोबर होता.

मी सगळी रांग पुसली. बातम्यांतल्या पहिल्या तीन उडवल्या आणि चौथीपासून पुढचं पाठवलं. पान निघायला दीड मिनिट. पानं आठ. घड्याळात दहा अठ्ठावन्न.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "जमणार नाही. गुरुजी, तुम्ही बसा."

"मॅडम," वैजू म्हणाली. पाटीवर टोचलेले कागद तिनं छातीशी धरले होते. "तीन बातम्या माझ्या हातात आहेत. मी बसते. बाकीचं येईल मागून."

"आणि नाही आलं तर? थेट प्रक्षेपण आहे, वैजू. मध्येच गप्प बसलीस तर दोन वर्षांचं सगळं पाण्यात."

"येईल. धनाजीदादा आहेत ना."

ते वाक्य मी रोज शंभरदा म्हणत होतो. तिच्या तोंडून ऐकलं आणि मला मान वर करवेना.

मॅडमनी तिचा दंड धरला आणि भरभर स्टुडिओत नेलं. गुरुजींनी चपला काढल्या. "आवाज नको पायांचा," म्हणाले आणि मोजे घातलेल्या पायांनी दाराशी उभे राहिले, एक पाय पुढं, शर्यतीत उभं राहतात तसे. अडुसष्ट वर्षांचा माणूस!

अकरा. लाल दिवा. मी टॉकबॅक बंद केला आणि मिक्सरची दांडी वर केली.

"नमस्कार. रेडिओ पाणवठा. वैजयंता जगदाळे आपल्याला बातम्या देत आहे."

काय आवाज लागला होता! कालव्याचं आवर्तन परवा सकाळी सुटणार. तिची बोटं कागदावरून सरकत होती, एकदाही अडखळली नाहीत. लसीकरणाचं शिबिर. तिसरी बातमी, पालखीच्या सीमोल्लंघनाची वेळ बदललेली. इकडे पहिलं पान निघालं, मी टर्रकन फाडलं, गुरुजींनी झेपावत घेतलं आणि ते स्टुडिओत शिरले. दार उघडलं की खडखडाट आत जायचा, बंद केलं की थांबायचा. चौथी बातमी तिच्या हाताखाली अगदी वेळेवर पोचली. पाचवी. सहावी. गुरुजींच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली.

सातव्या बातमीच्या आधी कागद आत अडकला.

मी झाकण उघडलं, चुरगळलेलं पान ओढून काढलं, नवा कागद दात्यांवर बसवला. काचेपलीकडे वैजूचा हात टेबलावर पुढचं पान शोधत होता आणि तिथं रिकामं टेबल होतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"श्रोतेहो," वैजूचा आवाज आला, अगदी निवांत. "मघापासून तुम्हाला अधूनमधून खडखड ऐकू येत असेल. गारा नाहीत बरं का, वाळवण काढायला पळू नका. तो आमचा खडखड्या. मला वाचता येतील असे ठिपके तो कागदावर टोचतोय. काल त्याची पूजा झाली, म्हणून आज जरा भाव खातोय. पण येईल. आलाच."

खड खड खड! गुरुजी धावले. पान तिच्या हाताखाली सरकलं.

"पुढची बातमी. देऊरच्या जत्रेत हरवलेला खिलारी बैल सापडला."

अकरा वाजून तेरा मिनिटांनी मी दांडी खाली घेतली. लाल दिवा विझला. आणि फोन वाजायला लागले. पहिला समितीच्या अध्यक्षांचा. मॅडम ऐकत होत्या, "हो... हो साहेब... हो," आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. फोन ठेवून त्यांनी वैजूला मिठीच मारली. "पक्की! उद्यापासून तू! म्हणाले, त्या खडखड्याला रोज ऐकवत जा." गुरुजींनी भिजल्या सदऱ्यानंच पेढ्यांचा पुडा फोडला.

पेढा तोंडात असतानाच मॅडमनी विचारलं, "पण बिघाड होता तरी काय, धनाजी? हिनं काय दाबलं होतं?"

वैजू पेढा हातात धरून उभी होती. मी बोलेन म्हणून थांबली होती, एवढं मला कळलं.

"तिनं काही दाबलं नव्हतं, मॅडम. मी खोटं बोललो. खूण तिची होती, ती मी काढली, कुलूप माझं होतं, आणि किल्ली कुठल्या दाराची ते मीच विसरलो."

"मला माहितीय तुम्ही काय बोललात ते," वैजू शांतपणे म्हणाली. "तुमचा टॉकबॅक चालू होता, दादा. मी आणि गुरुजी दोघांनी ऐकलं."

गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे ऐकून ही पोरगी तासभर गप्प बसून टोचत राहिली, आणि वर मॅडमना म्हणाली, दादा आहेत ना!

"एक सांगा," ती म्हणाली. "टिकली का काढलीत? मागं होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "मी फडकं मारत होतो. मागं टिकली दिसली. मला वाटलं, बिचारीला दिसत नाही, पूजेची म्हणून लावायला गेली आणि चुकून पाठीमागं लावली. म्हटलं, आपण नीट पुढं लावू."

वैजूच्या ओठांचा कोपरा हलला. ती इतकी हसली, इतकी हसली, की पेढा हातातून पडला.

"अहो दादा, दिसत नाही म्हणूनच तर बरोबर जागी लावली होती!"

मी हसलो, पण डोळे भरून आले होते. "चुकलो गं, वैजू. माफ कर."

"करते. पण आधी खूण परत लावा." तिनं स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि पुढं केली. "त्या जुनीचा डिंक गेला. ही घ्या. आणि लावून झाली की डोळे मिटून वायर काढायची आणि परत घालायची. बघू तुम्हाला सापडते का."

मी डोळे मिटले. संगणकाच्या मागं हात घातला. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा चुकलो. मागं गुरुजी खुसखुसत होते. तिसऱ्या वेळी बोटांना पंख्याचा वारा लागला आणि शेजारी तो बारीक, गोल उंचवटा सापडला.

आता मी साताऱ्यात असतो, माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. वैजू केंद्राची प्रमुख झाली. संगणक तीनदा बदलला, खडखड्या तोच आहे. दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिचा न चुकता फोन येतो.

"दादा, उद्या पूजेला या. पण फडकं मी मारणार."